बाईंचा संध्याकाळचा पोशाख

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते औरंगपुऱ्यात, स्कूटी लावताना. नऊवारी लुगडं, मागं घट्ट काष्टा, पायात काळे बंद बूट आणि अंगात काळं डिनर जॅकेट. गळ्याशी पांढरी कॉलर, तिच्यावर काळा बो. डोक्याला हेल्मेट. हेल्मेट काढून त्यांनी स्कूटीच्या आरशात बघत बो सरळ केला, तेव्हा रसवंतीवर उभ्या असलेल्या पोरांपैकी एकानं विचारलं, "मावशी, बँड कुठंय?"

"मागून येतोय," बाई म्हणाल्या. "तुम्ही नाचायला तयार राहा."

आणि शेजारच्या अंधाऱ्या जिन्यानं त्या वर गेल्या. मलाही त्याच जिन्यानं वर जायचं होतं. मी मुद्दाम खालीच रेंगाळलो. नको असलेला उसाचा रस घेतला, तो हळूहळू प्यायलो आणि मगच जिना चढलो.

मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. भाजीवाल्यानं चार मिरच्या वरून टाकल्या तरी मला वाटतं, आपण त्याला फसवलं. त्यामुळं रस पीत उभं राहिल्याचंही मला पुढं कित्येक दिवस लागून राहिलं. एकदा मी ते बाईंना सांगूनही टाकलं. त्यांनी विचारलं, "रस चांगला होता का?" मी हो म्हणालो. "मग झालं की."

मी वाळूजला एका कारखान्यात मशीनवर होतो. वय चाळिशीच्या पुढं गेलं होतं. कारखान्याला परदेशी गिऱ्हाईकं मिळाली होती आणि लाइन इन-चार्ज व्हायचं तर त्यांच्याशी इंग्रजीत बोलता यायला हवं होतं. आमच्या साहेबांनी आम्हा काही जणांना बाईंच्या संध्याकाळच्या वर्गाला घातलं. बाई सरकारी शाळेतून इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. वर्ग औरंगपुऱ्यात, चपलांच्या दुकानावर. खाली नव्या चामड्याचा वास, वर आमच्या कपड्यांना येणारा मशीनच्या कूलंटचा.

बाई दारात उभ्या असायच्या. आत येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवायच्या आणि "गुड इव्हनिंग" म्हणायच्या. सगळ्यांना त्या पाहुणे म्हणत. "पाहुणे, बसा." "पाहुणे, उशीर झाला." शिफ्ट संपवून, बसमध्ये पेंगत आलेल्या माणसाला कुणी पाहुणा म्हटलेलं नसतं. पहिल्या दिवशी मी हात पुढं केला आणि लगेच मागं घेतला, कारण नखांत काळं होतं. बाईंनी तो ओढूनच घेतला.

माझी सगळी इंग्रजी वाक्यं 'सॉरी'नं सुरू व्हायची. सॉरी, माय नेम इज. सॉरी, आय वर्क इन. बाईंनी आठवडाभर ऐकून घेतलं. मग एका संध्याकाळी त्यांनी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि पुसून टाकला. म्हणाल्या, "हा शब्द ह्या खोलीत संपला. ज्याला पाहिजे त्यानं खाली दुकानात जाऊन म्हणावा."

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं. ते मी अजून पाळतो. "लाज वाटाया लागली की आधी बटनं तपासा. निम्मी लाज तिथंच निघती." आणि खरंच, वर्गात कुणी बोलायला उभा राहून अडखळला की बाई आधी त्याच्या शर्टाकडं बोट करायच्या. एखादं बटण हमखास चुकीच्या काजात असायचं. ते नीट लावेपर्यंत माणसाला शब्द सापडायचा.

पोशाखाबद्दल लोक विचारायचेच. बाई प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायच्या. खालच्या चपलावाल्याला त्यांनी सांगितलं होतं की चोळीला खिसा नसतो, कोटाला चार असतात. रिक्षावाल्याला सांगितलं, पैज हरले. एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी फार आदरानं विचारलं की हे दोन संस्कृतींचं मिश्रण आहे का, तर बाई म्हणाल्या, "नाय हो, थंडी वाजती." तेव्हा मे महिना होता. आम्ही विचारलं तेव्हा त्यांना नवल वाटलं. "वर्ग संध्याकाळचा हाय ना? मग संध्याकाळचा पोशाख नको?"

खरं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. कारखान्यांना सुट्टी होती आणि वर्गाला मी आणि माझा दोस्त असे दोघंच आलो होतो. हा दोस्त शहागंजचा, पॅकिंगला होता. बाईंना मॅडम म्हणायचा आणि मनात येईल ते बोलायचा. त्यानं विचारलं, "मॅडम, ये कोट किसी साहबने दिया क्या?"

बाईंचा चेहरा एकदम बदलला. त्या रागावल्या असं मला वाटलं. पण त्या खुर्चीत बसल्या आणि सांगू लागल्या. त्यांचे वडील छावणीत अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये होते. कोटांना इस्त्री करायचे, संध्याकाळी ताटं न्यायचे. आई मागच्या मोरीवर भांडी घासायची. मोठ्या जेवणाच्या दिवशी आत काळे कोट, झगे, दिवे; आणि बाहेर लुगड्याचा काष्टा खोचून बसलेली आई. लहानग्या बाई आईजवळ बसून खिडकीतून आत बघायच्या.

"मला आत जायचं होतं," बाई म्हणाल्या. "पण आईला बाहेर ठिवून नाय."

पुढं नोकरी लागल्यावर त्या छावणीतल्या एका जुन्या शिंप्याकडं गेल्या. तो फक्त अधिकाऱ्यांचे कोट शिवायचा. तो म्हणाला, ह्या कोटाला बाईमाणसाचं माप बसत नाही. बाई म्हणाल्या, मग माझ्या मापाला कोट बसवा. कॉलरवर चमकता साटीन लावतात, तिथं त्यांनी आपल्या गावचं हिमरू कापड लावायला दिलं, काळ्यावर बारीक सोनेरी वेलबुट्टी. कुणीतरी ओळखीच्यांनी एक जुना कोट फुकट देऊ केला होता. तो त्यांनी घेतला नाही. "दुसऱ्याच्या खांद्याला झिजलेला कोट मी कशाला घालू? माझ्या बापानं लई कोट उचलले. एक तरी आपला पाहिजे." आई जिवंत असेपर्यंत लुगडं आईचं असायचं, नंतर त्यांनी स्वतः तसलीच घेतली. भडक नाही, जरीची नाही. कामाची.

बाईंनी बो सरळ केला. "बघता काय? मी आत्ता सांगितलं ते सगळं लिहून काढा. पास्ट टेन्स."

वर्ग संपताना दर वर्षी बाई जेवण ठेवत. त्याला त्या 'डिनर' म्हणत. त्याचा पोशाखाचा एक नियम होता: निम्मं संध्याकाळचं, निम्मं घरचं. संध्याकाळचं म्हणजे कोट, बो, पॉलिश केलेले बूट. घरचं म्हणजे आपल्या घरात आईबापानं रोज घातलेलं. भाड्यानं आणलेला लग्नाचा फेटा चालत नसे, शेरवानी चालत नसे. पूर्वी एकजण भाड्याची शेरवानी घालून आला होता म्हणे. बाईंनी त्याला विचारलं, तुझे वडील ह्या कपड्यावर कामाला जायचे का? तो बिचारा घरी जाऊन वडिलांचा खाकी शर्ट घालून परत आला, आणि त्या रात्री सगळ्यांत देखणा तोच दिसला, असं बाई सांगत. जोडीला घरातलं एक माणूसही आणायचं. ताटात नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा. टेबलावर काटे-चमचे मांडलेले असायचे, पण नान-खलियाला कुणी काटा लावला तर बाई तो काढून घ्यायच्या.

आमच्या वर्षी साहेबांना ही गोष्ट आवडली आणि त्यांनी जेवण एका मोठ्या हॉटेलात ठरवलं. ते स्वतः येणार होते. त्यांनी आम्हाला सरळच सांगितलं की वेगळी मुलाखत होणार नाही. त्या संध्याकाळी ते प्रत्येकाशी पाच-दहा मिनिटं इंग्रजीत बोलणार आणि त्यातून लाइन इन-चार्ज ठरवणार होते. म्हणजे इतक्या महिन्यांची धडपड ज्या पदासाठी होती, ते त्या एका जेवणावर आलं.

आम्ही धनगर. माझे वडील, आबा, तेव्हाही मेंढरांमागं होते आणि त्या दिवसांत त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, वाळूजच्या पलीकडं मोकळ्या रानात उतरला होता. धोतर, मुंडासं, खांद्यावर काळं घोंगडं. मी त्यांना फोनवर जेवणाचं आणि हॉटेलचं सांगितलं. ते म्हणाले, मेंढरं सोडून कसं येऊ? मी आग्रह केला नाही. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचं वाईट वाटलं. बायकोनं विचारलं, आबा येणार का? मी म्हणालो, त्यांना जमत नाही. ती माझ्याकडं नुसती बघत राहिली. तिच्या माहेरी लग्न होतं, म्हणून तीही येणार नव्हती.

घरच्या पोशाखाचीही मी सोय लावली. खाली पँट, वर कोट, बो. आणि कोटाच्या वरच्या खिशात रुमाल खोचतात तसा घोंगड्याचा एक तुकडा, नीट तिकोनी घडी करून. मला ती युक्ती वाटली होती. हॉटेलच्या दारात बाईंनी माझ्याशी हात मिळवला, खिशाकडं पाहिलं आणि दोन बोटांनी त्या तुकड्याला हात लावला.

"पाहुणे, एवढंच घर?"

मागून माझा दोस्त आला. वर काळा कोट आणि बो, खाली वडिलांची चौकड्यांची लुंगी. बरोबर त्याची आई. तो म्हणाला, "देखो मॅडम. ऊपर शादी, नीचे नींद." बाई इतक्या हसल्या की त्यांना रुमाल काढावा लागला. मी त्या हसण्याचा फायदा घेऊन आत सटकलो.

हॉटेलच्या दारावर एक दरवान होता. हॉटेलनं त्याला गुलाबी रेशमी फेटा, अंगरखा आणि पिळदार मिशा असा सगळा जामानिमा दिलेला. मिशा तेवढ्या त्याच्या स्वतःच्या असाव्यात.

साहेब एकेकाशी बोलत होते. माझी पाळी आली तेव्हा ते मला काचेच्या दाराजवळच्या कोपऱ्यात घेऊन गेले. त्यांनी विचारलं, माल पोहोचायला उशीर झाला आणि गिऱ्हाइकाचा फोन आला तर काय सांगाल? मी सांगू लागलो. बरं चाललं होतं. साहेब मान हलवत होते. त्यांनी पुढचा प्रश्न सुरू केला, आणि त्यांच्या खांद्यावरून मला दाराबाहेर आबा दिसले.

ते आले होते. माझ्या धाकट्या भावाला मेंढरांजवळ ठेवून, चाऱ्याच्या टेम्पोत बसून. धोतर धुतलेलं होतं. मुंडासं नव्यानं बांधलेलं. घोंगडं खांद्यावर. गुलाबी फेट्याचा दरवान त्यांच्यापुढं वाकून हातानं इमारतीच्या मागची बाजू दाखवत होता. बाबा, इथून नाही, मागून. माल घेऊन आलेला माणूस समजला असेल. आबा मागं बघत होते, मग पुन्हा काचेतून आत बघत होते. काचेवर उजेड होता, त्यांना मी दिसत नव्हतो.

मी पाहिलं आणि तसाच धावलो, असं लिहायला मला आवडलं असतं. मी आधी साहेबांचं वाक्य पुरं होऊ दिलं. वाक्य लांब होतं. मग मी म्हणालो, "वन मिनिट, सर," हातातला ग्लास खिडकीत ठेवला आणि दाराकडं निघालो. मी पोहोचलो तेव्हा दुसऱ्या बाजूनं बाईही पोहोचल्या होत्या.

तोवर हॉटेलचा एक तरुण मॅनेजर तिथं आला होता. तो फार सभ्यपणे बोलत होता. त्याचा सभ्यपणाच मला जास्त लागला. बाईंना तो इंग्रजीत म्हणाला की आज इथं फक्त औपचारिक संध्याकाळचा पोशाख आहे, मॅडम. ह्या बाबांना आपण बाहेर बागेत बसवू, जेवण तिथंच पाठवतो, काही कमी पडू देणार नाही.

मी बाईंकडं पाहिलं. बँड विचारणाऱ्या पोरांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांना उत्तरं देणारी बाई. आता ह्याला काहीतरी ऐकवणार, मी मनातून वाटच बघत होतो. बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि एक पाऊल मागं सरल्या.

"पाहुणे, बोला."

माझा हात आपोआप बटणांकडं गेला. बटणं सगळी जागेवर होती.

"धिस इज माय फादर," मी म्हणालो. माझा आवाज मोठा निघाला. मी आबांच्या खांद्यावरच्या घोंगड्याला हात लावला. "धिस इज ब्लॅक. धिस इज वूल." मग बाईंच्या कोटाकडं बोट केलं. "दॅट इज ब्लॅक. दॅट इज वूल." आता पुढं काय म्हणावं ते सुचेना. बाहेर अंधारून आलं होतं. "अँड इट इज इव्हनिंग."

मॅनेजर घोंगड्याकडं बघत राहिला, मग कोटाकडं, मग माझ्या मागं. मागं साहेब येऊन उभे होते. मॅनेजर काही म्हणणार तेवढ्यात दरवानानं दार ओढलं आणि पूर्ण उघडून धरलं. हसू दाबताना त्याच्या मिशा हलत होत्या.

आबा आत आले. बाईंनी हात पुढं केला. "गुड इव्हनिंग."

आबांनी तो हात दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडं पाहिलं. माझा दोस्त तोवर येऊन पोहोचला होता. तो त्यांच्या कानाशी म्हणाला, बाबा, मॅडम म्हणतायत, संध्याकाळ चांगली जावो.

"व्हय," आबा म्हणाले. "पण भूक लागलीय."

बाईंनी त्यांना स्वतःच्या उजव्या हाताला बसवलं. टेबलाच्या त्या टोकाला हिमरूच्या कॉलरचा कोट आणि काळं घोंगडं शेजारीशेजारी होतं. मी समोर बसून दोघांकडं बघत होतो. मला सांगता येणार नाही मी काय खाल्लं. आबांनी नान मोडला, खलियात बुडवला आणि बाईंना मेंढरांचं सांगू लागले. बाई मध्येमध्ये प्रश्न विचारत होत्या. टेबलाशी इंग्रजीतच बोलायचं हा बाईंचाच दंडक, पण त्या एका टोकाला तेवढी दोघं मराठीत बोलत होती. मी खिशातला तो तिकोनी तुकडा काढून पँटच्या खिशात कोंबला. तो मला आता फार लहान वाटायला लागला होता.

ते पद मला मिळालं नाही. क्वालिटीतल्या एका मुलीला मिळालं. ती माझ्यापेक्षा चांगलं बोलायची, तिचा हक्कच होता. हे सांगायला मी बाईंच्या छावणीतल्या घरी गेलो. त्यांच्या शिकवण्याचा मी मान राखला नाही असं काहीतरी बोलायचं मनात जुळवून गेलो होतो. बाई लुगड्यात आणि कोटातच होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, साहेबांशी बोलताना तुम्ही मध्येच निघून गेलात, त्याचं वाईट वाटतं का? मी विचार केला. नाही वाटत, म्हणालो. मला स्वतःलाच नवल वाटलं. बाई म्हणाल्या, मग चहा घ्या.

आता वर्ग बंद आहे. बाईंच्या गुडघ्यांना तो जिना झेपेना. मी अजून त्याच कारखान्यात आहे. कधीकधी गिऱ्हाइकांचे फोन घेतो आणि घेतो तेव्हा सरळ बसतो. छावणीकडून जाताना संध्याकाळी बाई अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या दिसतात. कोट घातलेला, बो सरळ. नवीन रिक्षावाले वेग कमी करून बघतात. मी रिक्षात असलो तर सांगतो, त्या माझ्या बाई आहेत. न विचारता सांगतो.

त्या रात्री हॉटेलातून आम्ही तिघं एकाच रिक्षानं निघालो. बाईंना छावणीत सोडायचं आणि पुढं आबांना वाळूजकडं न्यायचं होतं. बाई मध्ये, एका बाजूला आबा, एका बाजूला मी. वारा होता, म्हणून आबांनी घोंगड्याचं एक टोक बाईंच्या गुडघ्यांवर टाकलं. बाईंनी ते तसंच राहू दिलं. मग आबांनी विचारलं, "बाई, ह्यो दारात काय म्हणला त्या मान्साला?"

बाई वर्गात एकाही वाक्याचं कधी भाषांतर करून देत नसत. कितीही विनवलं तरी नाही. त्यांनी आबांकडं वळून सांगितलं, "म्हणला, ह्यो माझा बाप हाय."

आबा पुढं रस्त्याकडं बघत राहिले. छावणीचं वळण आलं.

"मग त्यात भांडायचं काय होतं?" ते म्हणाले. "खरंच हाय की ते."